मी लावून दिलेलं लग्न

तिला राहायला आमच्या चिकूच्या वाडीतली मागची खोली मीच देऊ केली होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

ती मूळची विदर्भातली, पुण्यात मानवशास्त्रात पीएच.डी. करणारी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यांवर लग्न कोण लावतं, कधी लावतं आणि संसार मांडला असं लोक कशाला म्हणतात, असा काहीसा तिचा विषय होता. माझी एक जुनी वर्गमैत्रीण पुण्यात प्राध्यापक आहे. तिने फोन केला. "तू समाजशास्त्र शिकवतेस, तुझी वाडी आहे, तुझ्या ओळखीची माणसं आहेत. दोन-तीन महिने जरा बघशील का तिच्याकडे?" मी हो म्हटलं. मनात थोडं दुखलंही. कारण पीएच.डी.साठी मीसुद्धा नाव नोंदवलं होतं, विषयही जवळजवळ हाच घेतला होता. मग लग्न झालं, वाडी आली, सासऱ्यांचं आजारपण आलं, आणि ती नोंदणी कधी रद्द झाली ते मला कळलंसुद्धा नाही. मी डहाणूतल्या एका कॉलेजात नोकरी धरली आणि तिथेच राहिले.

आमच्याकडे चिकू निवडायला वीस वर्षं एक बाई येते. तलासरीकडच्या पाड्यावरची, वारली समाजाची. सोमवारी सकाळच्या जीपने येते, शनिवारी संध्याकाळी परत जाते, मधले दिवस वाडीतल्याच खोलीत राहते. तिला नाव आहे, पण आमच्या घरात सगळे तिला 'तलासरीवाली' म्हणतात. सासूबाईंनी म्हणायला सुरुवात केली आणि ते तसंच राहिलं. ती मला 'बाई' म्हणते. चिकू धुऊन, पुसून, आकाराप्रमाणे वेगळे करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. माझा मुलगा तिच्या डोळ्यांसमोर वाढला. मी माझ्या मनात धरून चालले होते की त्या पाड्यावरचं काही जाणून घ्यायचं तर माझ्याकडे ही बाई आहे, आणि ती माझ्याशी मोकळेपणाने बोलते.

मुलगी आली त्या दिवशी मीच दोघींची ओळख करून दिली. "ही आमची तलासरीवाली. तुला काय हवं ते हिला विचार." मुलीने तिला आधी नाव विचारलं आणि मग, "मावशी म्हटलं तर चालेल ना?" असं विचारलं. बाई हसली. मी म्हटलं, "चालेल की." प्रश्न मला विचारलेला नव्हता, हे माझ्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

पहिले आठ-दहा दिवस मला बरं वाटत होतं. घरात कुणीतरी माझ्या विषयातलं बोलणारं आलं होतं. ओट्यावर चहा घेताना आम्ही गप्पा मारायचो. मी तिला सांगितलं की वर्गात मी संस्कृतीची व्याख्या फळ्यावर लिहून देते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत पाच मार्कांना येते. शिकून आलेली, एकमेकांत वाटून घेतलेली, एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी जगण्याची रीत. मग पुढचा मुद्दा, सांस्कृतिक सापेक्षतावाद. कुठलीही रीत त्या लोकांच्या जगण्यात ठेवून समजून घ्यावी, आपल्या मापाने मोजू नये.

"मुलं काय म्हणतात?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? एखादा विचारतो, मग काहीही चालेल का, मॅडम? मी सांगते, ते सिलॅबसमध्ये नाही."

ती हसली, पण मग म्हणाली, "मला तर तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. समजून घेतलं म्हणजे मान्य केलं असं नाही ना होत. नंतर भांडताही येतं. पण जुने अभ्यासक घरी खुर्चीत बसून जगातल्या लोकांची उतरंड लावायचे, हे खालचे, हे वरचे, आणि सगळ्यात वर आपण. ती लावताना त्यांनी कुणाला काही विचारलेलंच नसायचं. पुढच्यांनी जाऊन राहायला सुरुवात केली तेव्हा कळलं की तिथल्या माणसांना आपापली कारणं असतात."

हे सगळं मला माहीत होतं. माझ्या जुन्या नोट्समध्ये अगदी याच क्रमाने लिहिलेलं आहे. तरी तिच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, हे वाक्य माझ्याकडे एकवीस वर्षं पडून आहे आणि हिने ते वापरात आणलंय. मी कप उचलून आत गेले.

मग हळूहळू त्या दोघींचं जमायला लागलं. दुपारी कॉलेजातून आले की चिकूच्या ढिगाशेजारी दोघी बसलेल्या दिसायच्या. मुलगी चिकू पुसत असायची. तिला आकार कळत नव्हते, बाई तिच्या हातावर चापट मारून फळ दुसऱ्या क्रेटमध्ये टाकायची. वीस वर्षांत माझ्या हातावर तिने चापट मारलेली नाही. मला कशाला मारेल, मी कधी फळं निवडायला बसलेच नाही. पण तेव्हा हा विचार आला नाही. तेव्हा फक्त ती चापट दिसली.

महिन्याभरात मुलगी तिच्या बोलीतले शब्द बोलायला लागली. शनिवारी ती बाईबरोबर पाड्यावर जायची आणि सोमवारी दोघी एकाच जीपमधून उतरायच्या. येताना रानभाजी, नाचणीची भाकरी असं काहीतरी पिशवीत असायचं. सासूबाई म्हणाल्या, "ही त्यांच्यातच जेवते वाटतं." मी म्हटलं, "तिचा अभ्यास आहे तो." पण ते मी तिची बाजू घ्यायला म्हटलं नव्हतं. तिचं जेवण हा अभ्यास आहे, प्रेम नाही, असं मला स्वतःलाच ऐकवायचं होतं.

एकदा तिने मला विचारलं, "मॅडम, वाडीतल्या बायकांचा चहा मागच्या ओट्यावर का देतात? आणि ते स्टीलचे पेले वेगळ्या फळीवर असतात ते?"

"तशी पद्धत आहे," मी म्हटलं. "आधीपासून. त्यात कुणाला कमी लेखायचा हेतू नाही."

"कधीपासून आहे? सासूबाईंच्याही आधीपासून?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिचा चेहरा अगदी शांत होता, जाणून घ्यायची इच्छा असलेला. मला तोच चेहरा सहन झाला नाही.

"आम्हीपण तुझ्या वहीत आहोत का?" मी विचारलं.

"आहात ना," ती म्हणाली. "तुम्हाला सोडून वाडी कशी लिहिणार?"

मी हसले. पण त्या आठवड्यात मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. आपणही कुणाची तरी 'पद्धत' आहोत, कुणीतरी आपल्याला समजून घेतंय, न्यायनिवाडा न करता, हे इतकं टोचेल असं मला वाटलं नव्हतं. दोष दिला असता तर मी भांडले असते.

मग मी एक हलक्या मनाचं काम केलं. एका दुपारी मुलगी तहसील कचेरीत गेलेली असताना मी बाईजवळ जाऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, "तू तिला घरातलं सगळं सांगतेस. ती ते छापणार आहे, माहीत आहे ना? उद्या पुस्तकात येईल. जरा जपून बोल. मी तुझ्या भल्यासाठी सांगते."

बाईने हातातला चिकू पुसून ठेवला. "ठाऊक हाय, बाई. तिनं पयल्या दिवशीच सांगितलं. आमचे पाड्यावर बसून सांगितलं, समद्यांना. काय लिवायचं न् काय नाय, ते आमी तिला सांगतो. दोन गोष्टी आमी नको म्हटलं, तर तिनं खोडल्या आमच्या समोर."

मी "बरं, बरं" म्हणत उठले. मला वाटलं होतं मी तिला सावध करतेय. तिला माझ्या मनातलं कळलं की नाही ते मला आजही माहीत नाही. पण मुलगी संध्याकाळी आल्यावर बाईने तिला त्यातलं काही सांगितलं नाही. तेवढं तिने माझ्यासाठी केलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाई माझ्याकडे सुट्टी मागायला आली. भात कापून झालं होतं, थंडी पडायला लागली होती.

"आठ-दहा दीस नाय येणार, बाई. लगीन हाय."

"मुलाचं ठरलं? छान झालं की."

"व्हय. पोराचं." ती थांबली. "न् माजं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. बारा-तेरा वर्षांपूर्वी बोलता बोलता मला कळलं होतं की बाई आणि तिचा नवरा यांचं लग्नच झालेलं नाही. मुलं झाली होती, घर होतं, शेत होतं, सगळा पाडा त्यांना नवरा-बायको म्हणत होता, पण लग्न लागलेलं नव्हतं. मला धक्का बसला. मी तिला अधिकाराबद्दल, कागदाबद्दल, उद्या नवऱ्याने टाकलं तर काय होईल याबद्दल बरंच सांगितलं. त्याच वर्षी जवळपास एक सामुदायिक विवाह सोहळा होता. मी फॉर्म आणला, भरला, तिच्या अंगठ्याखाली माझी सही साक्षीदार म्हणून केली. सोहळ्याला मी गेले होते. मांडवात ओळीने जोडपी बसली होती, माइकवर मंगलाष्टका चालल्या होत्या, आणि बाई हिरव्या साडीत, कपाळाला मुंडावळ्या बांधून, खाली मान घालून बसली होती. ती लाजतेय असं मला वाटलं. पुढे कित्येक वर्षं मी स्टाफरूममध्ये ही हकीकत सांगत आले. वर्गातही सांगितली. माझ्या हातून झालेलं एक चांगलं काम म्हणून.

"तुझं लग्न तर झालंय," मी म्हटलं. "मीच लावून दिलं."

"ते झालं, बाई. त्याचा कागद हाय माज्याकडं, जपून ठेवलाय. रेशन कार्डाला कामाला आला." ती ओट्याच्या कडेला टेकली. "पण त्यात धवलेरी नवती. चौक नवता. आमचे म्हातारे म्हणतात, ते सरकारी लगीन. आईबापाचं आमचे रीतीनं लागल्याबिगर पोराचं लागत नाय. म्हणून आता एकाच मांडवात दोनी."

धवलेरी म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांतून लग्न लागतं. आणि चौक म्हणजे घराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने काढतात ते चौकोनी चित्र, मध्ये देवी असलेलं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. बाईच्या घरातली धवलेरी तिची सख्खी मावशी होती, हे तिने आता सांगितलं. दोन वर्षं चांगलं पीक आलं की मावशीच्या तोंडून लग्न लावून घ्यायचं असं त्यांचं तेव्हा ठरलेलं होतं. तेवढ्यात माझा फॉर्म आला. सोहळा झाल्यावर मावशी रुसली, आणि ती समजायच्या आत वारली.

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुमी इचारलं नाय. तुमी फॉर्म आणला."

ती हे अगदी सहज म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वीस वर्षांत मी तिला पुष्कळ काही दिलं होतं, साड्या, औषधं, मुलाच्या वह्या. प्रश्न दिला नव्हता.

आणि मग, लाज वाटायच्या आधी, माझ्या तोंडून जे निघालं ते असं होतं: "तिला हे सगळं माहीत आहे?"

"तिला हाय. ती इचारते ना."

ती गेल्यावर मला पश्चात्ताप होत होता असं लिहिलं तर ते शोभेल, पण खरं ते नाही. त्या वेळी माझ्या मनात बाईच्या त्या वारलेल्या मावशीपेक्षा ती मुलगी जास्त होती. महिन्या-दोन महिन्यांत तिने ते ऐकलं होतं. माझ्या हातून बिघडलेलं लग्न तिच्या वहीत होतं, आणि रोज संध्याकाळी ती माझ्याच ओट्यावर माझाच चहा पीत, माझ्याशी गोड बोलत होती. मला सांगितलं नव्हतं म्हणून मला तिचा राग आला. सांगितलं असतं तर त्याहून आला असता. मी मनाशी तिचं चुकलेलं काहीतरी शोधत राहिले. तिचे उच्चार, पाड्यावर फोन काढून बसणं, तिची फाटकी चप्पल. काहीच पुरेसं सापडेना.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलंच. "मी फॉर्म भरला ते चुकलं असं तुला वाटतं?"

"कागद त्यांना उपयोगी पडला," ती म्हणाली. "मावशी स्वतः तसं म्हणतात. तुमची भीती खोटी नव्हती. एवढंच की त्या घराला लग्न म्हणजे काय वाटतं ते आधी कळलं असतं तर दोन्ही झालं असतं. कागदही आणि त्यांच्या धवलेरी मावशीची गाणीही."

मी तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "खरं आहे," आणि पेपर तपासायचे आहेत सांगून उठले.

लग्नाला मला बोलावणं होतं. मी गेले. माझे यजमान गाडीने सोडायला आले, पण वाडीतल्या कामाचं निमित्त सांगून परत फिरले. त्यांना तिथे काय करावं ते सुचलं नसतं. हायवे सोडल्यावर रस्ता चढत जातो, कापलेल्या भाताची खाचरं दोन्ही बाजूंना, मध्येच नाचणीचे वाळलेले तुकडे. पाड्यावर पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. बायका जमल्या होत्या. मला पाहिल्याबरोबर कुणीतरी धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली, ती फडक्याने पुसली आणि मांडवाच्या सावलीत मला बसवलं. पाण्याचा तांब्या आला, चहा आला, तोही कपबशीत. बाकी सगळे जमिनीवर होते. ती मुलगीही जमिनीवर, बायकांमध्ये, कुणाचं तरी तान्हं मांडीवर घेऊन.

मी खुर्चीतून उतरायचा प्रयत्न केला. दोन बायका एकदम म्हणाल्या, "नाय नाय, बाई, तुमी बसा." मी पुन्हा बसले.

आत चौक काढायची वेळ झाली तेव्हा सवाष्णी उठल्या. मुलगीही उठली आणि दारापर्यंत गेली. तिथे एका म्हाताऱ्या बाईने तिला हाताने अडवलं आणि काहीतरी सांगितलं. मुलगी मागे सरली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तिला आत जाता येत नव्हतं. मला आनंद झाला. खराखुरा, पोटातून आलेला आनंद. मला वाटलं ती आता हिरमुसेल, वहीत लिहायला लागेल, निदान माझ्याकडे येऊन बसेल. तिने यातलं काही केलं नाही. फोन पिशवीत टाकला, तान्हं बाळ त्याच्या आजीकडे दिलं आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांबरोबर हंडा घेऊन निघून गेली. तिला आत जायचं होतं, पण अडवलं याचं तिला काही वाटलं नव्हतं. दार बंद असणं हे तिला त्या घराचाच एक भाग वाटत होतं. मला ते जमलं नसतं, हे मला तिथे खुर्चीत बसून स्पष्ट दिसलं, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

आतून धवलेरीचा आवाज यायला लागला. ती दुसऱ्या पाड्यावरून आलेली होती. एकच चाल, वर-खाली न होणारी, दोन बायका तिच्या मागून म्हणत होत्या. मला एकेक शब्द सुटा कळत होता, ओळ कळत नव्हती. दुपारी बाई बाहेर आली. अंगाला हळद, पिवळी साडी. शेजारी तिचा नवरा, आणि मागे त्यांचा मुलगा आणि सून, तसेच पिवळे. ती या वेळी मान खाली घालून नव्हती. कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होती, बहुधा भाताबद्दल.

ती माझ्याजवळ आली. "जेवली का, बाई?"

"जेवते. ती गाण्यात काय म्हणत होती गं?"

"आता कसं सांगू? लई मोठं हाय. वाडीत आल्यावर सांगीन."

मुलगी त्यानंतर आठवड्याने पुण्याला परत गेली. जाताना ती सासूबाईंच्या पाया पडली, तिने मला मिठी मारली, आणि प्रबंध झाला की आधी पाड्यावर वाचून दाखवेन, मग तुम्हाला, असं सांगितलं. क्रम ऐकून मी मान डोलावली. खोली रिकामी झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि दोन दिवसांनी ओट्यावर चहा एकटीने घेताना तिची आठवणही आली.

बाई कामावर आली तेव्हा मी कॉलेजला अर्धी रजा टाकली होती. मी तिच्याजवळ चिकूच्या ढिगाशी खाली बसले. गुडघे दुखत होते. तिने एक फडकं माझ्याकडे सारलं, आणि मी पुसायला लागले. मग तिने सांगितलं. कणगीतलं धान्य कुठून आलं, देवी कुठून चालत आली, वाटेत कुठे कुठे बसली, नवरी कुणाच्या घरातून निघाली. सांगताना ती मध्येच गुणगुणायची, मध्येच "हा लहान, तिकडं टाका" म्हणायची. बराच वेळ गेला. एका ठिकाणी ती थांबली.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचं नाय सांगत, बाई. ते तिथंच म्हणायचं असतंय."

मी एक-दोन चिकू पुसले. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "तिला सांगितलंस?"

"नाय. तिला पन नाय."

त्या दिवशी मी उरलेला सगळा वेळ खुशीत होते. सासूबाईंनी विचारलं, आज काय झालंय तुला. मी म्हटलं, काही नाही. खरं कारण सांगण्याजोगं नव्हतं.